दोन गाण्यांच्या मधली जागा

भाचीने नवा फोन घेतला आणि जुना, बटणांचा, माझ्या गळ्यात मारला. वर एक दुपारभर शिकवणीही घेतली. याच्यात निरोप लिहून पाठवता येतो, निरोपाला फोटो जोडता येतो, गाणं जोडता येतं. 'उशीर होईल', 'मी कामात आहे' असे तयार निरोप आतच भरून ठेवले आहेत, आपण नुसतं बटण दाबायचं. "आणि मावशी, याच्यात आपला आवाजसुद्धा भरता येतो," ती म्हणाली. मी तिच्याकडे बघत राहिले. ही पोरगी पाळण्यात होती तेव्हा तिची मावशी नागपुरात सीताबर्डीवरच्या दुकानात बसून लोकांचे आवाजच भरत होती. निरोप, गाणी, सगळं भरत होती. फक्त ते खिशात मावत नव्हतं आणि त्यासाठी माणसं अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, एसटीने यायची.

दुकान मूळ वडिलांचं, रेडिओ दुरुस्तीचं. त्यांच्या हाताखाली मी शिकले आणि त्यांच्यामागे मीच ते चालवलं. गिऱ्हाईक यायचं, माझ्याकडे बघायचं आणि विचारायचं, "मालक कुठं गेले जी?" मी सांगायचे, मालक मीच. "नाही, म्हणजे काम करणारे?" तेही मीच. "बरं, मग उद्या येतो." उद्याही मीच असायचे. अशा पाहुण्यांचे रेडिओ मी मुद्दाम सगळ्यात शेवटी उघडत असे, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

ऐंशीच्या आसपास कॅसेटी आल्या आणि रेडिओचा धंदा बसला. तेव्हा मी नवं काम काढलं. आमच्याकडची पोरं फौजेत होती, बोटीवर होती, आखातात वेल्डिंग-फिटिंगच्या कामावर गेलेली होती. तिथे त्यांच्याजवळ टेपरेकॉर्डर, इथे आईबापांच्या घरात मात्र तो नाही. फोन करायचा तर दिवसभर पोस्टात बसून ट्रंक कॉलची वाट बघायची आणि लाइन मिळाली की नुसतं 'हॅलो, हॅलो' ओरडून परत यायचं. मी पाटी लावली, 'बोलतं पत्र भरून मिळेल.' माणसं माझ्याकडे येऊन बोलायची, मी ते कॅसेटवर भरायचे, कॅसेट पोस्टाने जायची. तिकडून उत्तराची कॅसेट आली की घरातली सगळी पुन्हा माझ्याकडे ऐकायला यायची.

दुकानामागच्या खोलीत भिंतींना मी पोती आणि जुन्या गोधड्या ठोकल्या होत्या, बाहेरचे रिक्षांचे भोंगे आत येऊ नयेत म्हणून. भरताना पंखा बंद करावा लागे, नाहीतर त्याची कुरकुर कॅसेटभर ऐकू येई. मे महिन्यात त्या खोलीत माणूस शिजून निघायचा, तरी कुणाचं भाषण आखूड झालेलं मला आठवत नाही. उन्हाळ्यात सगळ्या नागपूरचे कूलर एकदम सुरू झाले की व्होल्टेज पडायचं आणि मशीन हळू फिरायचं. हळू भरलेला आवाज नंतर नीट वेगाने वाजवला की चिरका येतो. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मुलाला संसार कसा करावा यावर घाम पुसत अर्धा तास उपदेश केला, आणि वाजवून पाहिलं तर ते पाचवीतल्या पोरासारखे बोलत होते. मी म्हटलं, पुन्हा भरू. ते म्हणाले, "पुन्हा तेच कसं सुचेल?" मला तर वाटतं, ते त्यांना रोज सुचत असणार.

लोक बोलायचे काय, ते सांगते. समोर माइक दिसला की चांगली हसतीखेळती माणसं पोस्टकार्ड होऊन जायची. "चिरंजीवास बाबांकडून अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की," असं माइकसमोर म्हणायची. अहो, तुम्ही लिहीत नाही आहात, बोलत आहात, असं मी सांगे. ते मान डोलवत आणि पुन्हा "पत्र लिहिण्यास कारण की" पासून सुरू करत. इतवारीच्या एका गृहस्थांनी शेवटी स्वतःचा पत्ता पिनकोडसकट सांगितला. मुलगा त्या घरात जन्मला होता. पाऊसपाणी, पीक, कुणाचं लग्न जमलं, कोण मेलं, आणि सर्व ठीक आहे. ज्या घरात काहीच ठीक नाही हे मला बाहेरच्या बाकावरच कळून चुकलेलं असे, तेही आत येऊन सर्व ठीक आहे असंच सांगत.

याला अपवाद म्हणजे नरखेडकडचा एक संत्र्याचा बागाईतदार. त्याचा धाकटा भाऊ फौजेत मेकॅनिक होता. हा म्हणाला, "मले काही बोलाचं नाही. आमच्या विहिरीवर नवीन मोटर बसवली, तिचा आवाज भरून द्या." मी सेलवर चालणारं मशीन पिशवीत घालून एसटीने गेले आणि बांधावर बसून मोटरीचा आवाज भरला. भावाचं उत्तर आलं ते माझ्याच दुकानात वाजलं. "दादा, बेअरिंग गेलं हाय. जळायच्या आत बदलव." बागाईतदार तसाच उठून गेला. मी भरलेल्या कॅसेटींपैकी काही उपयोगाची गोष्ट जिच्यातून कुणाला कळली अशी ही एक, आणि तिच्यात माणसाचा शब्दही नव्हता.

कॅसेटला दोन बाजू असतात. पहिल्या बाजूवर घरचे बोलत, दुसऱ्या बाजूवर मी गाणी भरून देई. रिकामी बाजू पाठवणं लोकांना रिकामा डबा परत केल्यासारखं वाटायचं. तिकडच्या पोरांनाही गाणीच हवी असत. पोस्टात टाकण्याआधी घरचे म्हणत, "वाजवून दाखवा." मग आपलंच बोलणं सगळे मान डोलवत ऐकत. गाण्यांची बाजू मात्र कुणी वाजवून बघत नसे.

आता खाप्याच्या माणसांचं सांगते, कारण खरं तर त्यांच्यासाठीच मी हे लिहायला बसले.

श्यामराव हे खाप्याचे विणकर. गावात मान होता, चार जणांत बसून निवाडे देण्याची सवय होती. त्यांचा मुलगा मनोहर आधी कळमेश्वरला कारखान्यात वेल्डर होता, मग आखातात गेला. श्यामराव दर दोन-तीन महिन्यांनी बायको आणि सून घेऊन माझ्याकडे येत. खुर्ची त्यांची, माइक त्यांचा, कॅसेटही जवळजवळ त्यांचीच. शेवट जवळ आला की ते हाताने खूण करत. बायको लाजून मान हलवायची. मग सून पुढे यायची. तिचं नाव कुंदा. माइकसमोर यायच्या आधी ती डोक्यावरचा पदर सारखा करायची, आणि सासऱ्यांच्या देखत जे बोलता येतं तेवढं बोलायची: "मी बरी आहे. तब्येतीले जपा." नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्याला काही विचारायचं नाही, मागायचं तर नाहीच. सून बोलली, असं समाधान सगळ्यांचं झालं की पंखा लागायचा.

मनोहरच्या एका कॅसेटीत श्यामरावांच्या डोक्यात हवा जाईल असं एक वाक्य आलं होतं. "बाबा, तुमचं बोलणं आमच्या खोलीतले सगळे ऐकतात. मुद्दाम बोलावून घेतो मी सगळ्याइले." तेव्हापासून म्हातारा माइकसमोर बसताना सभेला बसल्यासारखा बसायचा. आवाजही वाढला होता. मला मशीनवरचा आवाज कमी करावा लागे.

त्या खेपेला ते आले आणि श्यामराव नेहमीप्रमाणे बोलले. सुताची टंचाई, गावातला एक तंटा आणि त्यात त्यांनी काय सांगितलं, वगैरे. कुंदा बरी आहे असं कुंदा म्हणाली. सासरे-सासू गांधीबागेत सूत पाहायला निघाले. गाणी कोणती भरायची ते सांगायला कुंदाला माझ्याजवळ ठेवलं, कारण गाण्यातलं त्यांना काही कळत नव्हतं. ती बाकावर बसली. गाण्यांची नावं काही सांगेना. मी विचारलं तर म्हणाली, "बाई, दोन गाण्याइच्या मधात थोडी जागा भेटन काय?"

"कशाले?"

"मले बोलाचं हाय."

मग तिने सांगितलं. मास्तरणीच्या ट्रेनिंगला तिचा नंबर लागला होता. दोन वर्षं नागपूरला वसतिगृहात राहायचं, मग जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी. अर्ज तिने मनोहर सुट्टीवर घरी आला होता तेव्हाच केला होता, त्याला विचारून केला होता. आता बोलावणं आलं. श्यामरावांनी नाही म्हटलं नाही. ते इतके कच्चे नव्हते. ते म्हणाले, "मनोहर हो म्हणन तर जाय. मी कोण अडवणारा?" आणि त्या दिवशी माइकसमोर बसून त्यांनी सुताचा भाव सांगितला, तंटा सांगितला, ट्रेनिंगचं अक्षरही काढलं नाही. पत्र टाकायचं तर खाप्याचा पोस्टमन त्यांच्याच पारावर बसणारा. पुढच्या महिन्यात ठरलेल्या सोमवारी हजर झालं नाही तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

मी पंखा बंद केला. पहिलं गाणं भरलं, मग तिला बसवलं. तिने पदर सारखा केला आणि सरळ सुरुवात केली. "ऐकता का? माह्या नंबर लागला. बाबा म्हणतात तुम्ही हो म्हटलं तर पाठवतो, पण तुम्हाले ते सांगून नाही राहिले. म्हणून मी सांगतो. तुम्ही हो म्हणा. लवकर म्हणा. बाकी काही नको मले." बस. आशीर्वाद नाहीत, पाऊसपाणी नाही, पत्र लिहिण्यास कारण नाही. पुढच्या गाण्याची नुसती सुरुवातीची पेटी जेवढी वाजते तेवढा वेळ तिला लागला. माझ्या दुकानात इतकं नीट बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं, आणि ते तिला चोरून बोलावं लागलं. मला त्या म्हाताऱ्याचा राग आला होता, पण तेव्हा वाटत होतं की निदान मनोहरला तरी कणा असेल.

उत्तर वेळेत आलं. सोमवार यायला अजून तीन दिवस होते. शुक्रवारी दुपारी तिघंही दुकानात आली. कुंदा आल्याआल्या माझ्याकडे बघेना, इतकी ती घाबरलेली होती. मी कॅसेट लावली.

मनोहर बोलला. तिकडे ऊन फार आहे. जेवणात भात असतो. गाय व्याली का? बाबांचं तंट्याचं बोलणं सगळ्यांना फार आवडलं. असं बरंच झाल्यावर तो खाकरला आणि म्हणाला, "अन् कुंदाच्या ट्रेनिंगचं, बाबा, तुम्हाले जसं वाटन तसं. तुम्ही म्हणाल ते मले मंजूर." मग त्याने आईची चौकशी केली आणि बाजू संपली.

माझ्या धंद्यात नेभळट माणसं खूप ऐकली. पण बायकोने दोन गाण्यांच्या मधून जीव तोडून सांगितलेली गोष्ट बापाच्या पायाशी नेऊन ठेवणारा हा पहिलाच. एका 'हो'साठी तिने एवढी धडपड केली होती. हो तर नाहीच, वर तिने गुपचूप सांगितलं हेही त्याने उघडं करून टाकलं. बापाने लेकावर ढकललं, लेकाने बापावर. दोघंही फार मोठ्या मनाचे, आणि मध्ये ही.

श्यामराव कुंदाकडे वळले. "त्याले कोणं सांगतलं?"

"मी सांगतलं."

"कव्हा?"

"मागच्या कॅसेटीत. गाण्याइच्या बाजूले."

त्यांनी मग माझ्याकडे बघितलं. मी पण त्यांच्याकडे बघितलं. दुकान माझं होतं. ते वळले आणि सुनेला म्हणाले, "ऐकलं ना त्यानं काय म्हटलं? आता मी ठरवीन. चल, बस निघून जाईन."

"दुसरी बाजू राह्यली बाबा," कुंदा म्हणाली.

"गाणे हायेत तिकडं."

"मले ऐकाचे हायेत."

मी कॅसेट उलटी केली. सासूबाई पुन्हा बाकावर टेकल्या, म्हणून श्यामरावही बसले. मनोहरने तिकडच्या रेडिओवरून गाणी भरली होती, खरखरीसकट. एक गाणं संपलं की कुंदा पुढे झुकायची. पुढचं सुरू झालं की मागे टेकायची. प्रत्येक गाण्यानंतर तेच. मला ते बघवेना. रेडिओच्या निवेदकाचा आवाज येत होता, खरखर येत होती, मनोहर येत नव्हता. शेवटचं गाणं अर्ध्यात तुटलं आणि मशीनचं बटण आपोआप खटकन वर आलं.

श्यामराव उठले. कुंदा उठली नाही. तिने मला विचारलं, "बाई, ह्याच कॅसेटीवर भरता येते काय?"

कॅसेटच्या पाठीला प्लॅस्टिकच्या दोन चिमुकल्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. मनोहरने त्या मोडून पाठवल्या होत्या, बापासमोरचा आपला शब्द कुणी पुसू नये म्हणून असेल. पण त्या भोकावर चिकटपट्टी लावली की मशीन फसतं. मी चिकटपट्टी लावली, कॅसेट त्याच्या बोलण्याच्या बाजूने घालून ट्रेनिंगच्या वाक्याच्या थोडं आधी आणून लावली आणि पंखा बंद केला. आता जे भरलं जाईल ते त्याच्या 'बाबा, तुम्हाले जसं वाटन तसं' यावरूनच जाणार होतं.

कुंदा मागच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसली; सासू-सासरेही तिच्या मागोमाग आत आले. त्या खुर्चीवर श्यामरावांच्या देखत ती आजवर कधी बसली नव्हती, उभ्यानेच बोलायची. पदर घसरला होता, तो तिने सारखा केला नाही.

"मनोहर," ती म्हणाली.

सासूबाईंनी तोंडावर हात नेला. लग्नात उखाण्यात घेतलेलं नाव सुनेच्या तोंडून त्यानंतर त्यांनी प्रथमच ऐकलं असावं.

"मनोहर, तुमचं बोलणं होतं त्याच्याच वरून मी बोलून राहिली. तुम्ही म्हटलं, बाबा ठरवतीन. बाबा म्हणत होते, तुम्ही ठरवान. आता बाबा इथंच उभे हायेत. मी सोमवारी ट्रेनिंगले जाऊन राहिली. बाबाइले नाही म्हणाचं असन तर ते म्हणतीन. तुमच्या खोलीतले सगळे ऐकतात ना, त्याइलेबी ऐकू द्या."

आणि तिने माइक उचलून श्यामरावांच्या पुढे धरला.

इतकी वर्षं मी या माणसाला माइकसमोर बघितलं होतं. शब्दासाठी त्याला कधी थांबावं लागलं नव्हतं. आता तो त्या माइककडे बघत होता आणि कॅसेट फिरत होती. घरात ते सुनेला हजारदा नाही म्हणाले असते. पाराशी उभे राहून म्हणाले असते. पण तिकडे एका खोलीत पोरं गोळा होऊन ऐकणार, कुणाकुणाच्या बहिणी, बायका असतील, आणि त्या सगळ्यांच्या कानावर श्यामरावांचा 'नाही' पडणार. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोटाने खूण केली, बंद करा म्हणून.

बटण माझ्या हाताखाली होतं. मी हात मागे घेतला. कॅसेट फिरत राहिली, तिच्यात त्या खोलीतला आमचा सगळ्यांचा श्वास भरत राहिला. कुंदाने माइक खाली घेतला नाही.

"जाय मंग," श्यामराव म्हणाले. मग माइककडे किंचित झुकले आणि म्हणाले, "वसतिगृहात पोचली की कळवजो."

मग मी बटण दाबलं.